झेनॉन दिव्याचे प्रज्वलन : चित्रपट प्रक्षेपकांतील बिघाड व त्यांचे निदान

चित्रपटगृहातील प्रक्षेपकाचा झेनॉन दिवा न पेटणे, उशिरा पेटणे किंवा पेटून लगेच विझणे या बिघाडांची कारणे आणि ती शोधण्याची रीत या नोंदीत दिली आहे. लघु-आर्क प्रकारचा (आर्क म्हणजे दोन विद्युत अग्रांमध्ये सतत जळणारी विजेची ज्योत) हा दिवा १९४० च्या दशकात जर्मनीत विकसित झाला. ओसराम कंपनीने तो १९५१ मध्ये २ किलोवॅट क्षमतेचा म्हणून बाजारात आणला आणि पुढील काही दशकांत त्याने प्रक्षेपकातील कार्बन आर्कची जागा घेतली. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींना टेकवून दूर केल्या की आर्क पेटत असे, त्यामुळे ऑपरेटरचा हात हेच प्रज्वलनाचे साधन होते. झेनॉन दिव्यातील दोन्ही विद्युत अग्रे मात्र बंद नळीत कायमची एकमेकांपासून काही मिलिमीटर अंतरावर असतात. मधला वायू फोडण्यासाठी स्वतंत्र विद्युत यंत्रणा लागते आणि बिघाडांचा मोठा भाग दिव्यात नसून या यंत्रणेत असतो.

दिव्याची नळी क्वार्ट्‌झची असून तिच्यातील झेनॉन वायूचा दाब दिवा थंड असतानाही वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ८ ते १० पट असतो. दिवा चालू असताना तो जवळजवळ तिप्पट होतो. अग्रे टंगस्टनची असतात. ऋणाग्र टोकदार, तर धनाग्र जाड व बोथट असते, आणि ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडावेत म्हणून त्याच्या टंगस्टनमध्ये पारंपरिक दिव्यांत थोरियम ऑक्साइड मिसळलेले असते. दिवा एकदिश प्रवाहावर चालतो. २ किलोवॅटच्या दिव्याला चालू स्थितीत पंचवीस-सव्वीस व्होल्ट आणि ७० ते ८० अँपिअर पुरतात. व्होल्ट इतके कमी आणि अँपिअर इतके जास्त असल्यामुळे एखादा सैल नटही मोठा बिघाड घडवू शकतो.

प्रज्वलन डोळ्यांना एका क्षणाचे दिसले, तरी त्यात तीन टप्पे असतात. इग्नायटर म्हणजे प्रज्वलनाचा ठोका देणारा भाग. त्यातील कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) एका स्फुलिंग-फटीतून, म्हणजे ठिणगी उडते त्या लहान फटीतून, रिकामा होतो व त्याचा उच्च वारंवारतेचा ठोका रोहित्रातून वाढून २० ते ४० हजार व्होल्टांचा होतो. हा ठोका अग्रांमधील वायूचे आयनीभवन करतो, म्हणजे त्याला वीजवाहक बनवतो. त्याच क्षणी रेक्टिफायरचा (दिव्याला एकदिश प्रवाह पुरवणाऱ्या यंत्राचा) भाररहित विद्युतदाब, म्हणजे दिवा प्रवाह घेत नसतानाचे व्होल्टेज, जो चालू दाबाच्या कितीतरी पट म्हणजे अनेक यंत्रांत शंभर व्होल्टांच्या आसपास असतो, त्या बारीक वाटेतून प्रवाह ढकलू लागतो आणि बूस्ट कपॅसिटर आपला साठा ओतून ऋणाग्र तापवतो. ऋणाग्र तापले की रेक्टिफायरचा मुख्य प्रवाह आर्क पेलून धरतो, दिव्यावरील विद्युतदाब तीस व्होल्टांच्या आत उतरतो आणि तो उतरल्याचे ओळखून रिले (स्वयंचलित स्विच) इग्नायटर बंद करतो. निदान करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की यांपैकी कोणता टप्पा पुरा झाला नाही. त्याचे उत्तर बहुधा उपकरणाआधी कान आणि डोळेच देतात.

बटण दाबल्यावर इग्नायटरचा तडतड आवाजच आला नाही, तर दिव्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. दिवाघराच्या (दिवा बसवलेल्या पेटीच्या) दाराचा सूक्ष्म स्विच, पंख्याच्या हवेने हलणाऱ्या पात्याचा स्विच, तापमानाचा स्विच आणि धुराड्याच्या पंख्याशी जोडलेला संपर्क हे सारे एका साखळीत असतात आणि त्यांतील एकही उघडा राहिला तरी पुढचे काही घडत नाही. पात्यावर साचलेली धूळ किंवा जाळी तुंबल्यामुळे मंदावलेली हवा हे कारण इतके सामान्य आहे, की तपासणी तिथूनच सुरू करणे शहाणपणाचे ठरते. साखळी ठीक असेल, तर रेक्टिफायरचा भाररहित विद्युतदाब मोजावा. मात्र त्याआधी इग्नायटरचा पुरवठा तोडावा, कारण चालू इग्नायटरचा ठोका मीटर जाळतो आणि मीटर धरणाऱ्यालाही धोका पोचवतो. दाब शून्य असल्यास फ्यूज व संपर्कक (मुख्य पुरवठा जोडणारा विद्युत स्विच) पाहावेत. दाब योग्य असूनही इग्नायटर गप्प असेल, तर त्याचा रिले, कपॅसिटर किंवा झिजून रुंदावलेली स्फुलिंग-फट यांवर संशय घ्यावा. फट घासून साफ करून ती निर्मात्याने दिलेल्या मापावर आणता येते.

आवाज येतो पण प्रकाश दिसत नाही, हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. पुष्कळदा ठोका दिव्यापर्यंत पोचतच नाही. वाटेत परावर्तकावर, दिवाघराच्या पत्र्यावर किंवा आधाराच्या विद्युतरोधकावरून तो जमिनीकडे उडी घेतो. अशा वेळी आवाज जास्त कोरडा व टणक येतो, काळ्या काचेच्या झरोक्यातून निळसर ठिणगी दिसते आणि विद्युतरोधकावर काजळीची बारीक रेघ सापडते. ही रेघ पुसून भागत नाही. तिच्यातला कार्बन पुढच्या ठिणगीला वाट करून देतो, म्हणून तो भाग बदलावाच लागतो. दमट हवेत, विशेषतः कोकणासारख्या किनारपट्टीवर पावसाळ्यात काही दिवस बंद राहिलेल्या केबिनमध्ये, धुळीवर ओल धरली की हा दोष अचानक उद्भवतो व यंत्र तापून कोरडे झाले की आपोआप नाहीसाही होतो. इग्नायटरपासून दिव्यापर्यंतची तार आखूड व पत्र्यापासून दूर असावी, हा नियम त्यासाठीच आहे. रेक्टिफायरच्या बाजूला एक बायपास कपॅसिटर असतो. ठोका मागे पुरवठ्यात न जाता दिव्यावरच पडावा हे त्याचे काम. तो निकामी झाला तर ठोक्याचा जोर तर घटतोच, शिवाय रेक्टिफायरमधील डायोडही मरू लागतात. एकामागून एक डायोड जात असतील, तर ते नुसते बदलत राहण्यापेक्षा हा लहानसा कपॅसिटर आधी तपासावा.

दिवा लख्खकन चमकून विझतो तेव्हा पहिला टप्पा निश्चितच पार पडलेला असतो. भाररहित विद्युतदाब कमी असणे, बूस्ट कपॅसिटर सुकून त्याची धारिता (साठवणक्षमता) घटणे किंवा त्याच्याबरोबरचा रोधक (रेझिस्टर) तुटणे ही येथील नेहमीची कारणे. तीन फेजच्या रेक्टिफायरमध्ये एक फेज गेली तर दाब उतरतो आणि एकदिश प्रवाहातील लहरही वाढते. दिवा कसाबसा पेटला तरी पडद्यावर प्रकाश थरथरताना दिसतो. प्रवाह दिव्याच्या किमान मर्यादेखाली ठेवलेला असेल, तरी आर्क टिकत नाही. याशिवाय जोडण्या पाहाव्यात : दिव्याच्या टोपीचे तापमान सुमारे २३० अंश सेल्सिअसच्या आत राहणे अपेक्षित असते, पण पकड सैल असेल तर ते त्यापलीकडे जाते, टोपी निळी-काळी पडते आणि तारेचे धागे लगपाशी (तारेच्या टोकाच्या धातूच्या जोडापाशी) तुटत जातात. रंग बदललेली टोपी दिसली, की नवा दिवा बसवण्याआधी पकड व लग बदलणे आवश्यक असते. नाहीतर नवा दिवाही त्याच वाटेने जातो.

दिवा पेटल्यावरही इग्नायटर तडतडत राहिला, तर दाब ओळखणारा रिले चुकीच्या मर्यादेवर लावलेला किंवा चिकटलेला असतो. धन व ऋण तारा उलट जोडल्या गेल्यास परिणाम याहून गंभीर होतो. टोकदार ऋणाग्रावर धनाग्राची उष्णता पडून ते अल्पावधीत वितळते आणि दिवा कायमचा निकामी होतो.

दिवा स्वतः दोषी असतो तो प्रामुख्याने वयामुळे. टोके झिजून अंतर वाढते, ऋणाग्राच्या टोकावरील थोरियम संपत येते, नळी आतून काळवंडते आणि पेटण्यास लागणारा विद्युतदाब हळूहळू चढतो. असा दिवा थंड असताना एखाद्या वेळी पेटतो, पण नुकताच विझवलेला असताना, आतील वायूचा दाब जास्त असल्यामुळे, दाद देत नाही. दिव्याचे चाललेले तास आणि किती वेळा पेटवला याची नोंद असेल, तर हा निष्कर्ष काही मिनिटांत काढता येतो. ती नसल्यास सुस्थितीत असल्याची खात्री असलेला दुसरा दिवा लावून पाहणे हाच उपाय उरतो. अनेक ठिकाणी पहिल्याच अपयशाला दिवा बदलला जातो, हे खर्चिक तर आहेच, शिवाय मूळ दोष तसाच राहतो. पुन्हापुन्हा बटण दाबणेही तितकेच घातक, कारण प्रत्येक प्रयत्न ऋणाग्राचे टोक खातो आणि इग्नायटर सतत चालण्यासाठी बनवलेला नसतो.

थंड दिवाही फुटू शकतो, त्यामुळे तो हाताळताना चेहऱ्यावर पूर्ण आवरण, जाड हातमोजे व जाकीट घालतात आणि दिवा शेवटपर्यंत त्याच्या संरक्षक वेष्टनात ठेवतात. क्वार्ट्‌झला बोटे लागली तर ती जागा अल्कोहोलने पुसावी लागते. न पुसल्यास डाग तापून काच कमकुवत होते. दिवाघर उघडण्यापूर्वी पंखे चालू ठेवून दिवा थंड होऊ द्यावा, मुख्य पुरवठा तोडावा आणि कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करावी. दार उघडे ठेवण्यासाठी त्याचा स्विच बांधून दिवा पेटवण्याची सवय काही केबिनमध्ये आढळते. त्यात अतिनील किरणांनी डोळे भाजतात व स्फोटापासूनचे एकमेव संरक्षण नाहीसे होते.

डिजिटल प्रक्षेपकांत दिवा तोच राहिला, पण त्याच्या शेजारी संगणकीय मंडले आली. ठोक्यातून निघणारा विद्युतचुंबकीय गोंगाट या मंडलांत शिरला, तर दिवा पेटतो आणि यंत्र मात्र संपर्क तुटल्याचा किंवा दिवा न पेटल्याचा संदेश देते. भूजोडणी, तारांची वेष्टने आणि त्यांवरील फेराइटची (गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाची) कडी तपासल्यावर हा दोष बहुधा सापडतो. ही यंत्रे ठरावीक प्रयत्नांनंतर स्वतः थांबतात आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवतात. त्या नोंदीत विद्युतदाब चढला होता का आणि प्रवाह वाहिला होता का, एवढे दोन आकडे पाहिले तरी वर सांगितलेल्या तीन टप्प्यांपैकी कोठे अडले ते कळते.