कॅरोटिड अँजिओप्लास्टी व स्टेंटरोपण

मानेतील अरुंद झालेली ग्रीवा धमनी फुग्याने रुंदावून तीत जाळीदार स्टेंट बसविण्याची उपचारपद्धती. विकार बहुधा समाईक ग्रीवा धमनी दुभंगते तेथे, मेंदूकडे जाणाऱ्या अंतर्ग्रीवा धमनीच्या मुळाशी असतो. पक्षाघात होतो तो मुख्यतः तेथील मेदथरावरून सुटलेले कण व गुठळ्या मेंदूत गेल्याने. रक्त कमी पडणे हे कारण त्यामानाने गौण.

प्रारंभाविषयी मतभेद आहेत. जर्मनीतील क्लाउस माथिआस यांनी १९७७ च्या सुमारास ही कल्पना मांडली आणि १९७९ मध्ये पहिला रुग्ण हाताळला, असे सामान्यतः मानतात. काही लेखक अमेरिकेतील केर्बर व सहकाऱ्यांच्या १९८० मधील वृत्तांताला अग्रमान देतात. तथापि केर्बर यांनी शस्त्रक्रियेत उघड्या केलेल्या मानेतून समाईक धमनी रुंदावली होती. त्वचेवाटे केलेल्या उपचारापुरता माथिआस यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

अरुंदपणाची टक्केवारी वाचताना मोजणीची रीत पाहावी. उत्तर अमेरिकी रीतीत अरुंद जागेची तुलना वरच्या निरोगी भागाशी, तर युरोपीय रीतीत त्याच जागेच्या अंदाजे मूळ व्यासाशी करतात. त्यामुळे पहिलीतील ५० टक्के दुसरीत ७०–७५ भरतात.

ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही गुठळीरोधक औषधे काही दिवस आधीपासून देतात. जांघेतील धमनीतून लांब नळी मानेपर्यंत नेतात. हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध देऊन रक्त गोठण्याचा काळ २५०–३०० सेकंद राखतात. महाधमनीची कमान तीव्र वळणाची असेल, तर कण सुटण्याचा धोका येथेच सुरू होतो. ०.०१४ इंची तारेवरील छत्रीसारखी, सुटलेले कण अडविणारी गाळणी अरुंद जागेपलीकडे उघडून ३–४ मिमी फुग्याने वाट करतात, मग आपोआप उमलणारा निटिनॉलचा (निकेल-टायटॅनियम मिश्रधातूचा) स्टेंट सोडतात. फुग्यावर बसविलेला स्टेंट मानेवरील दाबाने चेपू शकतो, म्हणून तो येथे टाळतात. शेवटी साधारण ५ मिमीचा फुगा वापरतात. ३० टक्क्यांपर्यंत अरुंदपणा उरला तरी चालतो. पूर्ण गोलाईच्या हट्टापायी मोठा फुगा फुगविल्यास मेद जाळीच्या छिद्रांतून पिळून बाहेर येतो. प्रवाह मंदावला, तर गाळणी भरली असे समजून साचलेले रक्त आधी ओढून घ्यावे, मगच ती मिटावी.

फुगा ग्रीवा कोटरातील (अंतर्ग्रीवा धमनीच्या मुळाशी असलेल्या फुगीर भागातील) रक्तदाब जाणणाऱ्या दाबग्राहींवर दाबला की नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. म्हणून नाडी वाढविणारे ॲट्रोपिन हाताशी ठेवतात किंवा आधीच देतात. नंतर उलट धोका संभवतो: दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या मेंदूत एकाएकी जास्त रक्त शिरून डोकेदुखी, झटके, क्वचित रक्तस्राव होतो. म्हणून रक्तदाब काटेकोर आवरतात. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल दोन्ही किमान चार आठवडे, ॲस्पिरिन पुढेही चालू ठेवतात.