शेजारच्या कुत्र्याचा चावा आणि आमचा दाखला

“डॉक्टर, आमच्या कुत्र्याला शेजारच्या कुत्र्यानं गेल्या रविवारी चावलंय, तेवढी त्या तारखेची चिठ्ठी द्या.” असा दाखला आमच्या दवाखान्यात मिळत नाही. त्यावर आमचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, आणि कोर्टात उलटतपासणी आमचीच होते.

उशिरानं पुरावाही जातो. सुळ्याचं भोक वरून मुगाएवढं दिसतं, पण धरून झिंजाडल्यानं आतलं कातडं मांसापासून सुटलेलं असतं. त्यात हळद, चुना नाहीतर कॉफी दाबली की तोंड मिटतं आणि तीन-चार दिवसांत आत पू धरतो. मग आम्हाला दिसतं ते गळू. चावा कधीचा, हे त्यावरून लिहिता येत नाही.

तेव्हा आधी तुमच्या कुत्र्याच्या तोंडाला फडकं बांधा (धाप लागली असेल तर नको), केस सारून दोन फोटो काढा: एक जखमेचा, एक अख्ख्या जनावराचा. मग साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी या. छातीत किंवा पोटात दात गेला असेल तर धुवत बसू नका, थेट आणा.

शेजाऱ्याकडून रेबीज लसीच्या कार्डाचा फोटो घ्या. त्याचं कुत्रं 10 दिवस नजरेखाली राहू द्या. तुमच्या कुत्र्याची लस झालेली असली तरी पुन्हा टोचावी लागते. झालेली नसेल तर 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 व्हॉट्सॲपवर फिरतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला धोका असेल तेव्हाचं आहे. तुमच्या पॉमेरियनच्या उपचाराचा खर्च दिवाणी मार्गानं मागायचा. गेट उघडं होतं, साखळी नव्हती, पूर्वीही चावलं होतं, असा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. तुमचंच कुत्रं मोकळं त्याच्या अंगणात शिरलं असेल तर दावा पातळ होतो. पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. बिलं समोर ठेवली की बरंचसं गल्लीतच मिटतं.

त्याच दिवशी आलात तर जखमांची मापं, आकृती आणि फोटो यांची नोंद पहिल्या फीमध्येच होते. पुढच्या प्रत्येक ड्रेसिंगचं क्रमांकाचं बिल मिळतं. शेजाऱ्याचं कुत्रंही आमच्याकडंच येत असेल, तर त्याचे कागद मात्र त्याच्या परवानगीशिवाय दाखवणार नाही. तुमचेही त्याला दाखवत नाही.