पत्र्याखालचं ऊन

मे महिन्यातल्या दुपारी नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर झोपडपट्टीच्या एखाद्या गल्लीत शिरा. माळ्यावर कुणी सापडणार नाही, सगळे दारातल्या सावलीला. पत्रा पातळ असतो, काही मिनिटांत तापतो, आणि तापला की अवरक्त किरणांतून उष्णता थेट खालच्या माणसावर टाकतो. गंजलेला असेल तर आणखीच. पंखा तीच गरम हवा फिरवतो. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. वेधशाळेचा आकडा सावलीतल्या हवेचा, या माळ्याचा नव्हे.

ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून वाशीच्या आखीव सेक्टरांत या. तिथल्या झाडांची पानं बाष्प सोडतात, त्यात उन्हाची बरीच उष्णता खर्ची पडते. डोक्यावर सूर्य तोच.

अमेरिकेत हा फरक मोजलाय. १९३०च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. २०२० साली १०८ शहरांची उपग्रहाने टिपलेली तापमानं तपासली, तेव्हा त्या लाल वस्त्यांची जमीन बाकीच्या भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापलेली निघाली. झाडं कमी, डांबर आणि काँक्रीट जास्त. रंग जुना, झळ आजची.

आपल्याकडे असा लाल नकाशा कुणी काढला नाही. पण जी वस्ती आराखड्यातच नाही, तिच्यासाठी झाडाचा खड्डा कोण खणणार?

नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, यांनी १९८०च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत उभारली. श्रीमंत-गरीब घरांच्या भूखंडांत फरक फारसा नाही, साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर. सात घरांमागे एक चौक, प्रत्येकाला स्वतःचं अंगण, आणि भिंती सामाईक नाहीत, म्हणजे ऐपतीप्रमाणे घर वाढवता येतं. पुढे रहिवाशांनी बरीच घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. मला त्यात वाईट वाटत नाही, योजनाच तशी होती.

पत्र्याच्या घरांसाठी स्वस्त उपाय पांढरा रंग किंवा चुना. ऊन परतवतो, पत्रा कमी तापतो. फक्त चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा मारावा लागतो. आणि खोली भाड्याची असेल, तर पत्रा मालकाचा असतो.