धडधाकट तरुण बेघर नसतो?

बेघर म्हणजे पदपथावरचा वृद्ध भिकारी, आणि धडधाकट तरुण रस्त्यावर असेलच तर तो आळशी किंवा घरातून पळालेला, हा समज मुंबईसारख्या शहरात वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे. नाक्यावर मजुरी करणारा, लग्नसराईत केटरिंगच्या कामाला जाणारा, सार्वजनिक शौचालयात अंघोळ करून स्वच्छ शर्ट घालणारा मुलगा आपल्याला बेघर वाटतच नाही, आणि पोलिसांनी हटकू नये, काम मिळावे म्हणून तोही तसे दिसू देत नाही. मुली तर छळाच्या भीतीने अधिकच आडोशाला राहतात.

2011च्या जनगणनेत देशात सुमारे 17.7 लाख बेघर नोंदले गेले. ती मोजणी मुख्यतः 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत, पदपथ, पुलाखाली, फलाट अशा उघड्या जागी झाली. कारखान्याच्या माळ्यावर किंवा मित्राच्या खोलीत रात्र काढणारा तरुण या व्याख्येत बसतच नाही.

बालगृहातील मुलांना अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागते. 2015च्या बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आर्थिक व इतर आधाराची, तरतूद आहे, पण भाडेकरारासाठी जामीन राहणारे नातेवाईक कायदा कुठून देणार?