कार्लोस दुसऱ्याचं मृत्युपत्र: स्पेनच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या शेवटाची पार्श्वभूमी

स्पेनच्या हॅब्सबर्ग राजांचा विषय निघाला की गाडी लगेच त्या पुढे आलेल्या जबड्यावर आणि त्यांच्या शेवटच्या ‘वेड्या’ राजावर, कार्लोस दुसऱ्यावर, जाते. नात्यातल्या लग्नांचं खरंच आहे, कार्लोस दुसऱ्याचे आईवडील सख्खे मामा-भाची होते, आणि २००९ च्या एका अभ्यासात त्याचा अंतःप्रजनन गुणांक ०.२५४ निघाला, म्हणजे सख्ख्या भावाबहिणीला मूल झालं तर असेल तेवढा. पण त्यामुळे संपला तो वंश, साम्राज्य मात्र त्याच्या आधीच खिळखिळं झालेलं. तिजोरीचं दिवाळं १५५७ पासून पुन्हा पुन्हा निघत होतं, १६४० मध्ये कॅटालोनिया उठला आणि पोर्तुगालही फुटला (आपला गोवा त्याआधी साठ वर्षं याच राजांच्या अमलाखाली होता). कार्लोस गादीवर आला १६६५ मध्ये, तेव्हा त्याला चार वर्षंही पूर्ण नव्हती. उलट त्याच्याच काळात, १६८० च्या सुमाराला, नाण्यांची घडी बसवायचे कडक उपाय झाले, ते कुणी सांगत नाही.

खरा वाद आहे तो मृत्युपत्राचा, म्हणजे मरताना त्याने सगळं राज्य फ्रेंच राजपुत्राला लिहून दिलं त्याचा. त्याचं मूळ स्पेन आणि फ्रान्सच्या १६५९ च्या तहात. कार्लोसची सावत्र बहीण फ्रान्सच्या राजाला दिली, तिने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडला, पण बदल्यात ठरलेला पाच लाख सोन्याच्या एस्कुदोंचा हुंडा स्पेनने दिलाच नाही, मग फ्रान्स म्हणणार की हक्कसोडही रद्द. पुढे कार्लोसला मूलबाळ होत नाही म्हटल्यावर १६९८ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि डचांनी माद्रिदला न विचारता वाटणी ठरवली. मोठा वाटा जर्मनीतल्या बव्हेरियाच्या छोट्या राजपुत्राला होता, कार्लोसने उत्तर म्हणून त्याच मुलाच्या नावे सगळंच्या सगळं राज्य लिहून दिलं, पण तो मुलगा १६९९ मध्ये सहाव्या वर्षीच गेला. १७०० मध्ये वाटणीचा दुसरा तह झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्लोसने फ्रेंच राजाच्या सोळा वर्षांच्या नातवाला वारस केलं, आणि १ नोव्हेंबरला तो वारला. मरणाच्या दारातल्या आजारी राजाकडून कार्डिनलने (चर्चच्या बड्या धर्मगुरूने) सही करून घेतली असं ऑस्ट्रियाच्या, म्हणजे हॅब्सबर्गांच्याच दुसऱ्या शाखेच्या, बाजूचे लोक म्हणत आले, मला ते अजिबात पटत नाही. राणी जर्मन होती, ऑस्ट्रियाच्या बाजूची होती, तरी राज्यमंडळातल्या बहुतेकांचं मत फ्रेंच वारसाकडेच होतं, पोपचाही सल्ला घेतला होता. कार्लोसला हवं होतं एकच, राज्याचे तुकडे होऊ नयेत, आणि ते सांभाळायची ताकद तेव्हा फ्रान्सकडेच होती. शिवाय दोन्ही मुकुट एका डोक्यावर येऊ नयेत अशी अट घातली आणि फ्रेंचांनी नाकारलं तर सगळं ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकला (तिथल्या राजपुत्राला) जाईल असंही लिहिलं, म्हणजे फ्रान्सच्या राजाला नाही म्हणणं जवळपास अशक्य. हे काम वेड्या माणसाचं नाही.

पुढे या वारशावरून युद्ध झालं आणि १७१३-१४ च्या तहांनी तुकडे पडलेच. जिब्राल्टर आणि मिनोर्का ब्रिटनला, नेपल्स, मिलान आणि नेदरलँड्सचा भाग ऑस्ट्रियाला. मृत्युपत्रात स्पेनमधल्या वेगवेगळ्या राज्यांचे जुने कायदे राखा असंही बजावलं होतं, पण नव्या बूर्बाँ (फ्रेंच राजघराण्यातल्या) राजाने १७०७ मध्ये आरागॉन आणि व्हॅलेन्सियाचे कायदे रद्द केले. कॅटालोनिया आर्चड्यूकच्या बाजूने लढला, ११ सप्टेंबर १७१४ ला बार्सिलोना पडलं आणि १७१६ मध्ये तिथलीही जुनी व्यवस्था मोडली. ११ सप्टेंबर आजही कॅटलान लोक आपला राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात.