धोत्र्याचे बोंड आणि फवारणीचे विष

श्रावणी सोमवारी पंचवटीत कपालेश्वराला बेलाबरोबर वाहिले जाणारे धोत्र्याचे काटेरी बोंड आणि विषबाधेच्या रुग्णाला शिरेतून दिले जाणारे अ‍ॅट्रोपीन यांचे नाते फार जवळचे आहे. धोत्र्यात हायोसायमीन हे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त आणि बहुधा अल्कधर्मी असे संयुग असते. ते वेगळे काढताना त्याचे निम्मे रेणू आरशातील प्रतिमेसारखे उलटे होतात, आणि या मिश्रणालाच अ‍ॅट्रोपीन म्हणतात. जर्मन औषधनिर्माते मीन यांनी १८३१ मध्ये ते बेलाडोना या धोत्र्याच्याच कुळातील विषारी वनस्पतीच्या मुळांतून मिळवले.

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारण्यांची घाई सुरू होते. त्यांतील बरीच औषधे बुरशीनाशके असतात. पण शेतीतील काही कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील असून ती त्वचेतून, श्वासातून वा पोटातून शरीरात गेल्यास जिवावर बेततात.

मज्जातंतूच्या टोकातून सुटलेले अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप्या रसायन समोरच्या पेशीवरील ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते आणि लाळ सुटावी, श्वासनलिका आकसावी, हृदयाची गती मंदावावी असे निरोप देते. निरोप पोहोचताच अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करते. ऑर्गॅनोफॉस्फेट या एन्झाइमच्या नेमक्या कार्यस्थळी, तेथील सेरीन या अमिनो आम्लावर, घट्ट जडते आणि मग निरोप थांबतच नाही: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम आणि लाळ वाहू लागते, श्वासनलिका स्रावाने भरतात आणि रुग्ण गुदमरू लागतो. अ‍ॅट्रोपीन ना विष नष्ट करते, ना एन्झाइमला सोडवते. ते केवळ ग्रंथी, श्वासनलिका आणि हृदय येथील ‘मस्कॅरिनिक’ प्रकारच्या ग्राहींवरील अ‍ॅसिटिलकोलीनची जागा अडवून बसते. ही जागेसाठीची चढाओढ असल्यामुळे साठलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनला पुरून उरेल एवढे अ‍ॅट्रोपीन द्यावे लागते. म्हणून प्रौढ रुग्णाला साधारण १ ते ३ मिलिग्रॅमने सुरुवात करून, गरजेप्रमाणे दर ५ मिनिटांनी मात्रा दुप्पट केली जाते आणि छातीतील घरघर थांबली का, नाडी व रक्तदाब सुधारला का, हे पाहिले जाते. हालचालीच्या स्नायूंवरील ‘निकोटिनिक’ या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींवर मात्र त्याचा उपयोग होत नाही. श्वसनाचे स्नायू लुळे पडले, तर व्हेंटिलेटरच लावावा लागतो.

‘झाडपाल्याचे औषध, त्यात अपाय कसला’ हा समज धोत्र्याच्या बाबतीत प्राणघातक आहे. त्यातील अल्कलॉइडांचे प्रमाण झाडागणिक, ऋतूनुसार आणि पान, बी अशा भागांनुसार बदलते. बिया पोटात गेल्यास भ्रम होतो, अंग तापते, लघवी अडते आणि मृत्यूही ओढवू शकतो. देवाला चालते म्हणून ते माणसाला चालत नाही.

दम्यासाठी धोत्र्याची वाळलेली पाने ओढण्याचा जुना प्रघात योग्य ग्राहीपर्यंत पोहोचला होता, पण त्या धुरातले अल्कलॉइड मेंदूतही शिरत असे. रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅट्रोपीनच्या नायट्रोजनला आणखी एक कार्बनी गट जोडून त्यावर कायमचा धन प्रभार आणला. असा प्रभारित रेणू रक्तातून मेंदूत सहजी जात नाही. त्यातून झालेले इप्राट्रोपियम आज इनहेलरमधून श्वासनलिकेत सोडले जाते.