दुर्मीळ आजार, महाग गोळी आणि तपासणीतून सूट

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने औषधांच्या किमती तपासणारं मंडळ नेमलं की लगेच मथळे झळकतात, 'आता औषधं स्वस्त!' एवढं सोपं नसतं ते. मेरीलँडने २०१९ साली असं मंडळ नेमलं, कोलोरॅडोने २०२१ मध्ये. कोलोरॅडोत मंडळ आधी औषध निवडतं, तपासतं आणि ते 'न परवडणारं' ठरलं तरच किमतीच्या कमाल मर्यादेचा विचार होतो. वॉशिंग्टन राज्यात तर फक्त दुर्मीळ आजारावरच चालणारं औषध तपासणीतून वगळलंय. दुर्मीळ म्हणजे सर्वसाधारणपणे देशभरात २ लाखांहून कमी रुग्ण.

कोलोरॅडोच्या मंडळाने मात्र ट्रायकाफ्टा तपासायला घेतलं. सिस्टिक फायब्रोसिस या दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचं हे औषध छापील किमतीने वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर जातं. पण काम काय सुरेख करतं!

या आजारात बिघडतं ते सीएफटीआर, १४८० अमिनो आम्लांचं प्रथिन, पेशीच्या आवरणातलं क्लोराइडचं दार. बहुतेक रुग्णांत ५०८ क्रमांकाचं अमिनो आम्ल, फेनिलअ‍ॅलनिन, तेवढं गळालेलं असतं. त्याने साखळीची घडी बिघडते. पेशीतली तपासणी यंत्रणा हे हेरते, प्रथिनावर युबिक्विटिनची, म्हणजे 'मोडीत काढा' अशी, खूण चढते आणि प्रोटिएसोम हे पेशीतलं मोडयंत्र त्याचे तुकडे पाडतं. खरं तर ते आवरणापर्यंत पोचलं असतं, तर थोडंफार चाललंही असतं. ट्रायकाफ्टात तीन औषधं असतात. त्यातली एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर त्याला वेगवेगळ्या जागी चिकटून घडी सावरतात. तिसरं, आयव्हाकाफ्टर, आवरणापर्यंत पोचलेलं दार जास्त वेळ उघडं ठेवतं. फुप्फुसातला चिकट कफ सुटू लागतो, घामातलं मीठही घटतं. मुका घेताना खारट लागणारं मूल शापित, अशी युरोपात जुनी समजूत होती. शाप कसला, घामाच्या नलिकेत क्लोराइड परत शोषलं जात नव्हतं! 'चमत्कारी औषध' म्हणणारेही चुकतातच. बिघडलेलं जनुक आहे तसंच राहतं. गोळ्या थांबल्या की प्रथिन पुन्हा मोडीत.

डिसेंबर २०२३ मध्ये कोलोरॅडोच्या मंडळाने रुग्णांचं म्हणणं ऐकलं आणि ट्रायकाफ्टा 'न परवडणारं' नाही, असा निर्णय दिला. किमतीला हात लावल्यास औषधच मिळेनासं होईल, ही रुग्णांची भीती होती. ती खोटी म्हणवत नाही. पण त्यासाठी तपासणीच नको, हे मला पटत नाही. इथे तपासणी झाली, तरी औषधावर मर्यादा आली नाही. संधिवातावरचं एन्ब्रेल त्याच चाळणीतून गेलं आणि २०२४ मध्ये 'न परवडणारं' ठरलं.